टॅक कोट नीट कसा मारायचा : साइटवर नव्याने आलेल्यांसाठी

डांबरी रस्त्याच्या कामात सगळ्यात कमी वेळ आणि सगळ्यात कमी पैसे लागणारं काम म्हणजे टॅक कोट, म्हणजे नवा थर खालच्या थराला चिकटावा म्हणून आधी मारायचा इमल्शनचा (पाण्यात मिसळलेल्या डांबराच्या बारीक थेंबांचा) पातळ फवारा. म्हणूनच त्याकडे लक्षही सगळ्यात कमी जातं. पेव्हर (मिक्स अंथरणारं मशीन) उभा आहे, हॉट मिक्सचे (गरम डांबर-खडीचे) टिपर रांगेत आहेत, प्लँटवरून सारखा फोन येतोय, अशा घाईत टॅक कोट कसातरी उरकला जातो. अडचण अशी की वरचा थर पडला की ही चूक झाकली जाते आणि मग ती दुरुस्त करायचा एकच मार्ग उरतो, तो म्हणजे वरचा थर खरवडून काढणं. डीबीएममध्ये (डेन्स बिटुमिनस मॅकॅडम, खालचा डांबरी थर) पोकळी जास्त राहिली तर कोअर (रस्त्यातून कापलेला गोल नमुना) काढून कळतं, बीसीची (बिटुमिनस काँक्रीट, सगळ्यात वरचा थर) लेव्हल चुकली तर स्ट्रेटएजने (सरळ पट्टीने) कळते. टॅक कोट चुकला तर तो बहुधा पहिल्या किंवा दुसऱ्या पावसाळ्यानंतर कळतो.

हा थर नेमकं काय करतो ते आधी समजून घ्या. एक जाड वही हातात घेऊन वाकवा. ती सहज वाकते, कारण पानं एकमेकांवरून सरकतात. तीच पानं डिंकाने एकमेकांना चिकटवली तर वही पाटीसारखी ताठ होते. सारख्या जाडीच्या दोन पट्ट्या नुसत्या एकावर एक ठेवल्या, तर चिकटवलेल्या जोडीच्या एक चतुर्थांश ताठपणाच मिळतो, हे साधं गणित आहे. डिझाइनमध्ये डीबीएम आणि बीसी मिळून एकसंध थर धरलेले असतात. मधली चिकट गेली की तुम्ही पैसे देऊन घातलेली जाडी कागदावर राहते. वरचा पातळ थर एकटा वाकतो, तळाशी ताणला जातो आणि भेगा पडतात.

कोणतं इमल्शन आणि किती

आपल्याकडे राष्ट्रीय महामार्ग आणि सार्वजनिक बांधकाम विभागाची बहुतेक कामं मॉर्थच्या (केंद्रीय रस्ते वाहतूक आणि महामार्ग मंत्रालय) स्पेसिफिकेशनवर चालतात. त्यात टॅक कोट कलम 503 मध्ये आहे आणि आयआरसी:16 ही इंडियन रोड्स काँग्रेसची संहिताही याच विषयाची आहे. वापरायचं ते कॅटायनिक रॅपिड सेटिंग इमल्शन, म्हणजे आरएस-1, आयएस 8887 या भारतीय मानकाप्रमाणे. ड्रमवर किंवा टँकरच्या चलनावर आरएस-1 हीच अक्षरं आहेत ना, हे वाचूनच माल उतरवून घ्या. प्राइम कोटचं (खडीच्या थरावरच्या पहिल्या फवाऱ्याचं) एसएस-1 त्याच शेडमध्ये ठेवलेलं असतं, रंगही सारखाच चॉकलेटी असतो आणि अदलाबदल होते. एसएस-1 सावकाश फुटतं, म्हणजे त्यातलं डांबर पाण्यापासून सावकाश वेगळं होतं. ते टॅक म्हणून मारलं तर तासन्‌तास ओलं राहतं, आणि पेव्हर त्यावरून गेला की सगळं टायरला लागून निघून जातं. व्हीजी-10 या ग्रेडचं साधं डांबर गरम करून टॅक म्हणून वापरायची मुभा शून्याखालचं तापमान किंवा तातडीच्या कामापुरती आहे. महाराष्ट्रात तशी वेळ येत नाही.

प्रमाण खालच्या पृष्ठभागावर ठरतं. डांबरी पृष्ठभागावर दर चौरस मीटरला 0.20 ते 0.30 किलो, प्राइम केलेल्या खडीच्या थरावर 0.25 ते 0.30 किलो, काँक्रीटवर 0.30 ते 0.35 किलो. हे वजन इमल्शनचं आहे, डांबराचं नाही. आरएस-1 मध्ये डांबर किमान 60 टक्के असतं, उरलेलं जवळजवळ सगळं पाणी. म्हणजे 0.25 किलो मारलं तर पाणी उडाल्यावर रस्त्यावर साधारण 150 ग्रॅम डांबर उरतं. त्याची जाडी एक मिलिमीटरच्या सहाव्या-सातव्या भागाएवढी. आयुष्यभर दोन थर धरून ठेवायला एवढीच फिल्म आहे.

या कक्षेत नेमका आकडा कोणता घ्यायचा ते रस्ता बघून ठरवा. कालच अंथरलेला, काळाभोर, बंद पोत असलेला डीबीएम असेल तर खालची बाजू पुरते. जुना, राखाडी पडलेला, खडी उघडी पडलेला रस्ता डांबर पिऊन घेतो, तिथे वरच्या बाजूला जा. मिलिंग केलेल्या (मशीनने वरचा थर खरवडलेल्या) रस्त्यावर खाचा असल्यामुळे प्रत्यक्ष पृष्ठभाग जास्त असतो, तिथेही वरची बाजू धरा. एकाच पट्ट्यात जुना रस्ता आणि ताजे पॅच असे दोन्ही असतील, तर प्रमाण जुन्या भागाप्रमाणे ठेवा आणि पॅचवर डबकं साचणार नाही याकडे लक्ष द्या.

ताजा थर पडल्यावर त्यावरून वाहतूक गेलेली नसेल, धूळ बसलेली नसेल आणि वरचा थर दोन दिवसांत पडणार असेल, तर टॅक कोटची सक्ती नाही अशी सूट स्पेसिफिकेशनमध्ये आहे. सूट आहे म्हणून ती घ्यायची असं नाही. रात्रभर साइडपट्टीचा मुरूम उडत असेल, तर सकाळी हात फिरवून बघा. तळहात लाल झाला की सूट संपली.

आधी हिशेब

साडेतीन मीटर रुंदीची एक लेन, एक किलोमीटर लांब, 0.25 किलो दराने : 3500 गुणिले 0.25, म्हणजे 875 किलो. दोन्ही लेन मिळून 1750 किलो. इमल्शनची घनता पाण्याच्या आसपास असल्यामुळे साइटवर किलो आणि लिटर एकच धरले तरी चालतं.

दुसरा हिशेब जास्त महत्त्वाचा आहे, आणि तो फार कमी ठिकाणी केला जातो. एका वेळी किती लांबी मारायची? पेव्हर मिनिटाला पाच मीटर चालत असेल तर तासाला 300 मीटर होतात. इमल्शन पूर्ण सुकायला पाऊण तास लागत असेल, तर स्प्रेअरने (इमल्शन फवारणाऱ्या गाडीने) पेव्हरच्या पुढे साधारण सव्वादोनशे ते अडीचशे मीटर असावं. आता 50 मिलिमीटर डीबीएमच्या एका लेनला प्रत्येक मीटरमागे सुमारे 0.41 टन मिक्स लागतं. अडीचशे मीटरला 100 टनांहून थोडं जास्त, म्हणजे 16 टनांचे सहा-सात टिपर. तेवढे टिपर प्लँटवरून निघालेले नसतील तर एवढी लांबी मारू नका. मारलेला टॅक उघडा ठेवून जेवायला जाणं हा मोठा गुन्हा समजा. तासाभरात त्यावर धूळ बसते, मोटरसायकली जातात आणि संध्याकाळी त्याच पट्ट्यावर थर पडतो.

साफसफाई

खरं काम इथे आहे. इमल्शन ज्या गोष्टीवर पडतं तिला चिकटतं. खाली डांबर असेल तर डांबराला, धूळ असेल तर धुळीला. वरून मात्र दोन्हीकडे सारखंच काळं दिसतं. न चिकटलेल्या रस्त्याचा कोअर काढला तर तो मशीनमधूनच दोन चकत्या होऊन बाहेर येतो. वरच्या चकतीची खालची बाजू बघा. तिथे काळी चकचकीत फिल्म शाबूत असते आणि तिच्यावर पिठासारखी राखाडी पूड बसलेली असते. डांबर पुरेसं होतं, पण ते पुडीला चिकटलं.

क्रम असा ठेवा. आधी सुटलेली खडी, पॅचचे निघालेले तुकडे आणि जुना थर्मोप्लास्टिक पट्टा सुटला असेल तर तोही काढा. खड्डे आणि मोठ्या भेगा भरून घ्या. टॅक कोट खड्डा भरत नाही, फक्त त्यात साचतो. मग मेकॅनिकल ब्रूम फिरवा. ब्रूम जाड कचरा काढतो आणि बारीक पूड खाचांत बसवतो, म्हणून त्याच्यामागून कॉम्प्रेसरची हवा मारलीच पाहिजे. हवा मारणाऱ्याने मधून कडेकडे आणि वाऱ्याच्या दिशेने जायचं. उलट गेलात तर साफ केलेल्या भागावरच धूळ परत येते. कॉम्प्रेसरच्या हवेत तेल येत नाही ना, हे पांढऱ्या फडक्यावर एकदा हवा मारून तपासा.

चिकटून बसलेला चिखल हवेने निघत नाही. ऊसतोडीच्या हंगामात पश्चिम महाराष्ट्रातल्या रस्त्यांवर ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या चाकांतून पडलेली काळी माती उन्हात भाजून विटेसारखी होते. शेतातून रस्त्यावर येण्याच्या प्रत्येक वळणावर तिचे थर सापडतील. ती पाणी मारून, खराट्याने किंवा पत्र्याच्या खरवडणीने काढावी लागते. मिलिंगची पूडही पाण्यानेच नीट निघते. धुतल्यावर मात्र वाळायला वेळ द्या. इमल्शनला हलका दमटपणा चालतो, उलट त्याने ते नीट पसरतं. पण खाचांत पाणी उभं असेल तर इमल्शन पातळ होऊन वाहतं.

डिझेल किंवा ऑइल सांडलेला डाग दिसला तर तिथलं डांबर मऊ झालेलं असतं. त्यावर टॅक मारून उपयोग नाही. तेवढा भाग काढून पॅच करा.

तपासणी सोपी आहे. तळहात घासा, किंवा रुंद चिकटपट्टी रस्त्यावर दाबून उचला. ती राखाडी होऊन आली तर परत हवा मारा.

हवामान

पाऊस, धुळीचं वादळ, साचलेलं पाणी किंवा सावलीतलं तापमान 10 अंशांखाली असेल तर मारायचं नाही. आपल्याकडे तापमानापेक्षा अवकाळी पाऊस आणि दुपारचा वारा जास्त त्रास देतात. वाऱ्यात फवारा उडून एका बाजूला प्रमाण कमी पडतं आणि दुसऱ्या बाजूला उभ्या गाड्या, कठडे, दुकानांच्या पायऱ्या काळ्या होतात. इमल्शन फुटायच्या आत सर आली तर ते गटारात वाहून जातं. मग उरलेल्या ठिपक्यांवर भागवू नका. रस्ता वाळू द्या, पुन्हा साफ करा, पुन्हा मारा. कोकणात दमट हवेमुळे सुकायला विदर्भातल्या एप्रिलपेक्षा बराच जास्त वेळ लागतो. म्हणून घड्याळावर जाऊ नका, रंगावर जा.

इमल्शन आणि स्प्रेअर

ड्रम बरेच दिवस उभे असतील तर डांबर तळाशी बसलेलं असतं. उघडण्याआधी ते आडवे करून दोन्ही दिशांना लोळवा. तरीही आत गोळे किंवा दह्यासारखी फाटलेली गुठळी दिसली तर तो ड्रम बाजूला काढा. गाळून घेतलं तरी त्यातलं डांबर गुठळीतच राहिलेलं असतं. आरएस-1 मध्ये पाणी घालायचं नाही. पातळ केल्याने फवारा छान पडतो, पण रस्त्यावर डांबर निम्मं उरतं, आणि रॅपिड सेटिंग इमल्शन पाण्याने टाकीतच फुटू शकतं. शंका आली तर साइट लॅबमध्ये 50 ग्रॅम नमुना ओव्हनमध्ये 163 अंशांवर तीन तास ठेवा. पहिल्या दोन तासांनंतर एकदा ढवळा. शेवटी 30 ग्रॅमपेक्षा कमी उरलं तर माल परत.

फवारताना इमल्शनचं तापमान 20 ते 70 अंशांच्या दरम्यान असावं. थंडीच्या सकाळी 50 च्या आसपास कोमट केलं की नोझल कमी तुंबतात. गरम करताना ज्वाला एका जागी लावून धरू नका, तिथलं पाणी उकळून इमल्शन फुटतं. इथे एक गोष्ट जिवाशी संबंधित आहे. ज्या टाकीत आधी गरम डांबर होतं तिच्यात इमल्शन भरू नका, आणि ज्या टाकीत इमल्शनचं पाणी राहिलं आहे तिच्यात गरम डांबर भरू नका. पाण्याची क्षणात वाफ होते, फेस झाकणातून उसळतो आणि वर उभा असलेला माणूस भाजतो. टाकी रिकामी, थंड आणि कोरडी असल्याची खात्री चालकावर न सोडता स्वतः करून घ्या.

स्प्रे बारवर (नोझल लावलेल्या आडव्या नळीवर) सगळे नोझल एकाच मापाचे हवेत. तुंबलेल्याच्या जागी दुसऱ्या मापाचा लावला की तिथे पट्टा उमटतो. प्रत्येक नोझलची खाच बारच्या रेषेशी 15 ते 30 अंशांत आणि सगळ्यांची सारखी असावी. नाहीतर शेजारच्या नोझलचे पंख्यासारखे फवारे एकमेकांवर आदळून मध्ये मोकळी रेघ राहते. बारची उंची अशी ठेवा की रस्त्याच्या प्रत्येक बिंदूवर दोन किंवा तीन नोझलचा फवारा पडेल. नोझलमध्ये 10 सेंटीमीटर अंतर असेल तर ही उंची साधारण 25 ते 30 सेंटीमीटर येते. टाकी रिकामी होत जाते तशी गाडी स्प्रिंगवर वर उचलली जाते आणि बारही उचलला जातो, म्हणून अर्ध्या कामात उंची पुन्हा मोजा.

वेग असा काढा : पंपाचा मिनिटाचा लिटरमधला विसर्ग भागिले (बारची रुंदी गुणिले दर). पंप मिनिटाला 150 लिटर देत असेल, बार साडेतीन मीटर आणि दर 0.25 असेल, तर 150 भागिले 0.875, म्हणजे मिनिटाला सुमारे 170 मीटर, ताशी 10 किलोमीटर. चालकाला हा आकडा लिहून द्या. ‘हळू चालव’ असं सांगून दर सांभाळला जात नाही.

प्रत्यक्ष मारणं

सुरुवातीच्या रेषेवर जाड कागद किंवा पत्रा अंथरा. फवारा त्यावर सुरू करा, म्हणजे रस्त्यावर येईपर्यंत वेग आणि दाब दोन्ही बसलेले असतात. शेवटीही तसंच करा. नाहीतर प्रत्येक जोडावर दुप्पट डांबराचा आडवा पट्टा राहतो आणि उन्हाळ्यात तो वर डोकावतो. कर्ब, दुभाजक आणि चेंबरची झाकणं गोणपाटाने किंवा प्लास्टिकने झाका. फवारा पेव्हरच्या रुंदीपेक्षा थोडा बाहेर जाऊ द्या.

उभे चेहरे विसरले जातात. शेजारच्या लेनच्या थराची कापलेली कड, दिवसाअखेरचा आडवा जोड, चेंबरची आणि कर्बची थराला टेकणारी बाजू, हे सगळं ब्रशने रंगवायचं. पाणी आत शिरतं ते इथूनच. स्प्रेअर पोचत नाही अशा कोपऱ्यात आणि अरुंद पट्टीत हँड स्प्रेअर वापरा. पूर्ण रस्ता हाताने मारायची परवानगी नाही आणि ती मागूही नका. डब्याला भोकं पाडून किंवा झाडूने शिंपडून मारलेला टॅक म्हणजे कुठे वेटोळी, कुठे कोरडं.

दर तपासायला ट्रे ठेवा. 20 बाय 20 सेंटीमीटरचा ट्रे म्हणजे 0.04 चौरस मीटर, त्यात 0.25 दराने फक्त 10 ग्रॅम इमल्शन पडतं. दोन ग्रॅम चुकणाऱ्या काट्यावर ते तोललं तर 20 टक्के चूक तिथेच झाली. म्हणून 0.1 ग्रॅमचा काटा घ्या, तो वाऱ्यापासून आडोशाला ठेवा आणि ट्रे उचलताच तोला, कारण पाणी उडायला लगेच सुरुवात होते. एक ट्रे मध्ये आणि दोन कडांना ठेवले तर बारच्या दोन टोकांतला फरकही कळतो. दिवसातून तीन चाचण्या ठरलेल्या आहेत. जोडीला टाकीची डिपस्टिक (आतला साठा मोजायची पट्टी) : आधी 1800 लिटर, नंतर 950, पट्टा 3500 चौरस मीटर, म्हणजे 850 भागिले 3500, दर 0.243. ट्रे एका जागेचं सांगतो, डिपस्टिक सरासरीचं, म्हणून दोन्ही हवेत.

फुटणं आणि सुकणं

मारल्यावर रंग चॉकलेटी असतो. काही मिनिटांत कडांपासून काळा पडू लागतो, यालाच इमल्शन फुटलं असं म्हणतात. पण फुटणं म्हणजे सुकणं नाही. काळ्या फिल्मखाली अजून पाण्याचे थेंब असतात. बोट टेकवून उचला. बोटाला पाणचट तपकिरी लागलं तर थांबा. चिकट वाटलं, पण बोट जवळपास स्वच्छ राहिलं, तर पेव्हर येऊ द्या. ओल्यावर 140 अंशांचं मिक्स टाकलं की पाण्याची वाफ होते, पातळ थरात फुगे येतात आणि चिकट तिथेच मरते.

या काळात टॅकवरून कोणतंही वाहन नको. टिपर मागे घ्यायचा असेल तर तो शक्य तितक्या कमी लांबीवर घ्या आणि टॅकवर वळवू नका. टायरला टॅक लागून निघालेला पट्टा बघितला आहे का? दोन समांतर, फिकट, जवळजवळ कोरड्या रेघा. पुढे वीस वर्षं चाकं बहुधा त्याच रेघांवरून जाणार असतात. तसं दिसलं तर त्या रेघांवर हँड स्प्रेअरने पुन्हा मारा आणि सुकू द्या. चिकटू नये म्हणून टॅकवर वाळू किंवा खडीची भुकटी टाकायची पद्धत काही ठिकाणी आहे. ती ताबडतोब बंद करा, कारण झाडून काढलेली धूळच आपण परत टाकतो.

काय बिघडतं, कसं ओळखायचं

सिग्नलपाशी, बसथांब्यावर, टोलनाक्याच्या आधी आणि घाटाच्या वळणावर चंद्रकोरीच्या आकाराच्या भेगा दिसल्या, तर वरचा थर खालच्यावरून सरकतोय असं समजा. ब्रेक मारताना टायर थराला आडवा ढकलतो. अशा जागी साफसफाईत आणि दरात जराही सूट देऊ नका. पपडीसारखे, सपाट तळाचे खड्डे पडत असतील आणि तळाशी जुना रस्ता स्वच्छ दिसत असेल, तर तोही चिकट नसल्याचाच पुरावा.

जास्त मारणं हा सुरक्षित मार्ग नाही. 30 मिलिमीटर बीसीचं वजन चौरस मीटरला साधारण 70 किलो. 0.25 ऐवजी 0.50 मारलं तर 0.15 किलो डांबर जास्त पडतं, म्हणजे मिक्सच्या 0.2 टक्के. जॉब मिक्समध्ये (त्या कामासाठी मंजूर केलेल्या मिश्रणात) डांबराची सूट फक्त 0.3 टक्के वर-खाली असते, त्यातलं बरंचसं टॅकनेच खाल्लं. डबकं साचलेल्या जागी तर याच्या कितीतरी पट. मे महिन्यात तिथे डांबर वर येऊन रस्ता चकाकतो आणि पहिल्या पावसात दुचाकी घसरतात. शिवाय जाड फिल्म गोंद राहत नाही, वंगण होते. डबकं दिसलं की लगेच रबरी वायपरने किंवा ब्रशने पसरवा.

दिवस संपताना

उरलेलं इमल्शन टाकीत रात्रभर ठेवू नका. बारमधलं रिकामं करून पाण्याने धुवा, मग नोझल काढून केरोसीनमध्ये भिजवा. हे काम रस्त्यावर करू नका, ट्रे ठेवून यार्डात करा. वापरलेलं केरोसीन ओढ्यात किंवा शेतात सोडू नका. रजिस्टरमध्ये साखळी क्रमांक (चेनेज, म्हणजे रस्त्यावरचं अंतर) कुठून कुठपर्यंत, रुंदी, पृष्ठभाग कोणता, इमल्शनचा बॅच क्रमांक, तापमान, तिन्ही ट्रेचे आकडे, डिपस्टिकचा दर, मारायला सुरुवात केल्याची वेळ आणि त्याच जागी पेव्हर पोचल्याची वेळ लिहा. शेवटच्या दोन वेळा बहुतेक रजिस्टरांत नसतात. उद्या कुठे थर सुटला, तर कारण शोधायला सगळ्यात आधी त्याच लागतात.